जावयासाठी मोकळी केलेली गाडी

माझ्या जावयाला एक खोड आहे. पोटातलं ओठावर म्हणून येऊ द्यायचं नाही. घरी आले की पायांवर पाणी घेतात, गादीवर टेकतात, माझ्या नातीच्या गालाला हात लावतात, यंदा थंडी जास्त आहे नाही, असं म्हणतात, जेवतात, आणि 'येतो मग' म्हणून चालू लागतात. वर आमची लेक सांगणार, आई, त्यांच्या स्वभावातच नाही ग जास्त बोलणं. स्वभाव म्हणे. जो माणूस ऑफिसात भिंतीवरच्या नकाशापुढे उभा राहून तासभर काठी फिरवतो आणि चारचौघांना समजावतो, त्याची जीभ सासूच्या उंबऱ्यालाच कशी अडखळते? ह्याला स्वभाव म्हणत नाहीत. ह्याला आतल्या गाठीचा म्हणतात. मी त्यांना अहो-जाहो करते ते नात्याचं म्हणून. मनात काय म्हणते ते लिहिण्यासारखं नाही.

जावई बसगाड्यांच्या ऑफिसात आहेत. आधी खिडकीत बसून पास द्यायचे, मग वर चढले, आणि गेल्या पावसाळ्यानंतर त्यांच्याकडे मोठंच काम आलं. सगळ्या भागातल्या गाड्यांची नवी घडी बसवायची. कुठली गाडी कुठून जाईल, कुठे थांबेल, कुठली बंद, कुठली दुप्पट. लेकीने हे मला केवढ्या कौतुकाने सांगितलं होतं. मीही गावात चार जणींना सांगितलं. माझा जावई आता गाड्या फिरवतो, असंच सांगितलं. ड्रायव्हर फिरवतो आणि जावई फिरवतो ह्यात काय फरक असतो ते तेव्हा मला कुठे माहीत होतं.

आमचं गाव टोकाला आहे. मोठ्या रस्त्यावर फाटा लागतो, तिथून आत वळलं की दगडाची खाण, मग उजाड माळ, मग आम्ही. आमच्या पुढे रस्ताच नाही. संध्याकाळी शहरातून गाडी यायची ती मुक्कामालाच. ड्रायव्हर आणि कंडक्टर गावातच झोपायचे, आणि पहाटे तीच गाडी भरून निघायची. भरून म्हणजे कशी, मुंगी चढली तर तिलाही कुणाच्या तरी खांद्यावर उभं राहावं लागेल अशी. दूधवाले, खाणीतल्या बायका, भाजीच्या पाट्या, कॉलेजच्या पोरी, आणि त्यात माझी सून. कंडक्टर तिकीट फाडत आत यायचा तो फाट्यापर्यंत मागच्या दाराला पोचायचाच नाही. त्याला आम्ही शिट्टी म्हणायचो, कारण घंटेची दोरी हाताला लागायची नाही म्हणून तो तोंडानेच शिट्टी घालायचा.

सुनेचं सांगते. ती शहरातल्या मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखान्यात आहे. रुग्णांच्या चादरी, डॉक्टरांचे अंगरखे, ऑपरेशनची हिरवी कापडं, सगळं उकळायचं, पिळायचं, वाळवायचं, घड्या घालायच्या. पहाटेची पाळी, कारण सकाळी वॉर्डात चादरी बदलायच्या आधी गठ्ठे पोचले पाहिजेत. रोजंदारीवर होती. थंडी संपता संपता काही बायकांना कायम करणार होते, आणि तिचं नाव त्यात लागेल असं मुकादमबाईने स्वतः सांगितलं होतं, वेळेवर येत राहिलीस तर. माझा मुलगा गवंडी. परांचीवरून तोल गेला आणि उजवं मनगट मोडलं, ते जोडलं पण वाकडं जोडलं. थापी धरली की हात थरथरतो. तेव्हा घर चालायचं ते सुनेच्या हातांवर, आणि सून चालायची ती त्या गाडीवर. एवढं समजलं की पुढचं सगळं समजेल.

तर थंडी पडायला लागली होती तेव्हा एका संध्याकाळी जावई मुक्कामाच्या गाडीने आले. एकटेच. म्हणाले, उद्या पहाटेच्या गाडीने परत जायचं आहे. मी विचारलं, काही काम काढलंत का? म्हणाले, असंच. बघा, असंच. घरी आलेल्या पाहुण्याने 'असंच' म्हटल्यावर पुढे खणून विचारायचं नसतं, म्हणून मी गप्प बसले.

पण मनात आलं, उद्या हे त्या गाडीने जाणार. एवढे मोठे साहेब झालेत, गाड्यांचेच साहेब, आणि आमच्या गावच्या गाडीत दुधाच्या किटल्यांमध्ये एका पायावर उभे राहून जाणार? लोक म्हणतील, सासूला जावयाची किंमत नाही. मी डोक्यावर पदर घेतला आणि घरोघर गेले. दूधवाल्यांना सांगितलं, उद्याचा दिवस सायकली काढा. खाणीच्या मुकादमाला सांगितलं, उद्या बायकांना ट्रॅक्टरने ने. कॉलेजच्या पोरींना म्हटलं, एक दिवस नाही गेलात तर अक्कल काही उतू जाणार नाही. कुणी नाही म्हणालं नाही. काही माझ्या मानाखातर, काही माझ्या तोंडाला भिऊन. शिट्टीला मी गाडी आतून झाडायला लावली. पुढच्या सीटवर घरची उशी ठेवली.

सून तेवढी म्हणाली, आई, गाडीत माणसं असली तर काय बिघडतं, गाडी त्यासाठीच असते. मी म्हटलं, तू जा कामावर, पण मागे बस आणि त्यांच्या अंगावर किटलीसारखी कलंडू नकोस.

पहाटे गाडी निघाली ती वाजत-गाजत नाही, पण ऐटीत निघाली. आत जावई, सून, शिट्टी आणि ड्रायव्हर. बाकी सगळी बाकं आरशासारखी. आम्ही दारात उभं राहून हात हलवला. मला त्या दिवशी इतकं बरं वाटलं की मी भाजीला पाणी देताना गुणगुणत होते.

पुढच्या पंधरवड्यात थांब्याच्या खांबावर कागद चिकटला. शाळेतल्या गुरुजींनी वाचून दाखवला. नव्या महिन्यापासून मोठी गाडी गावात येणार नाही. मोठ्या रस्त्यावर जलद गाड्या, दुप्पट फेऱ्या, थेट शहर. गावाला एक छोटी गाडी, फाट्यापर्यंत ने-आण करणारी. मुक्काम बंद, कारण, गुरुजी अडखळत म्हणाले, पाहणीत ह्या फेरीला पुरेसे प्रवासी आढळले नाहीत.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर मी उत्तर दिलं असतं. दूधवाला फक्त म्हणाला, काकू, उशी परत मिळाली का हो? आणि बाकीचे हसले. त्या हसण्याने माझे कान दोन दिवस तापलेले होते.

खोटं बोलणार नाही, मोठ्या रस्त्यावरच्या गावांचं भलं झालं. आधी शहरात जायला त्यांचा अर्धा दिवस मोडायचा, गाडी प्रत्येक वस्तीत शिरून पान खाऊन निघायची. आता रस्त्यावर उभं राहिलं की एक जाते तोवर दुसरी दिसते. लेकीच्या सासरकडचे लोक माझ्या जावयाचं नाव घेऊन दुवा देत होते. आम्हाला मात्र छोटी गाडी. तिचा ड्रायव्हर शहरात झोपायचा, उजाडल्यावर डोळे चोळत निघायचा, आणि आमच्याकडे पोचायचा तेव्हा पहिल्या जलद गाडीतली माणसं शहरात चहा पिऊन कामाला लागलेली असायची. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळी दिसते, तिची लेंडी दिसत नाही.

मग सून चालत निघायला लागली.

अंधार, धुकं आणि खाणीचा रस्ता. एकट्या बाईला मी कशी सोडणार? मुलगा म्हणाला, मी जातो. पण त्याला रात्री हाताच्या ठणक्याने झोप यायची नाही, पहाटेच डोळा लागायचा. मी म्हटलं, तू पोरीजवळ झोप. आणि बॅटरी घेऊन मी निघाले.

पहिले काही दिवस आम्ही बोलत गेलो. मग बोलणं आपोआप थांबलं, कारण श्वास चालण्याला पुरवावा लागतो. सुनेची चाल झपाझप, माझी गुडघ्यातून. ती पुढे जायची, थांबायची, मी गाठलं की पुन्हा पुढे. थांबायची तेव्हा बोलायची नाही, पण चपलेने खडा इकडचा तिकडे ढकलत राहायची. मला कळायचं, तिचा जीव पुढे धावतोय आणि माझ्यामुळे पाय मागे राहतायत. मी म्हणायचे, जा तू पुढे. ती म्हणायची, नको, खाणीपाशी कुत्री आहेत. तिला कुत्र्यांची भीती नव्हती. मला एकटीला कुत्र्यांत सोडायचं नव्हतं. मला समजायचं, पण मी कशाला बोलून दाखवू.

खाणीपाशी दगडाचे ट्रक भरून उभे असायचे. ते निघाले की धूळ आणि धुकं एक व्हायचं, आणि ते ओलं पीठ नाकात, केसांत, पापण्यांवर बसायचं. सून फाट्यावरच्या पिंपाशी तोंड धुवायची, पिशवीतलं दुसरं पातळ काढायची, मी आडोसा धरायची, आणि ती नेसत असतानाच जलद गाडीचे दिवे यायचे. कधी मिळायची. कधी आम्ही खाणीपाशीच असायचो आणि मोठ्या रस्त्यावरून ती सूं करून जाताना ऐकू यायची. तो आवाज आला की सून चालायची थांबायची. एकदाच, एवढी एवढीशी. मग पुन्हा चालायला लागायची, पण आता सावकाश, माझ्या बरोबरीने. ते मला जास्त टोचायचं.

उशीर व्हायला लागला तशी मुकादमबाईने तिला घड्यांच्या टेबलावरून उठवून उकळीच्या हौदावर टाकलं. घड्यांचं काम बसून, पंख्याखाली. हौदाचं काम उभ्याने, वाफेत, सोड्याच्या पाण्यात. आठवड्यात तिच्या बोटांची सालं निघाली. घरी आली की ती भाकरी मोडताना तुकडा दोन तळहातांत धरायची, बोटं उचलून, जशी लहान पोरं धरतात. नात विचारायची, आईचे हात पांढरे का झाले? सून म्हणायची, मी आता परी होणार आहे. मुलगा उठून बाहेर जायचा.

एक दिवस माझं मलाच शहाणपण सुचलं. भाजी नाहीतरी शहरात न्यायचीच, मग सुनेबरोबरच जाऊ, म्हणून मी पाटी डोक्यावर घेऊन फाट्यावर गेले. जलद गाडी थांबली. सून चढली. मी पाटी वर दिली, तर नवा कंडक्टर, गळ्यात यंत्र अडकवलेला, चुरचुरीत इस्त्रीचा, म्हणाला, आजी, ह्या गाडीत ओझं चालत नाही. मी म्हटलं, हे ओझं नाही, भाजी आहे, खाशील तर लाल होशील. लोक हसले, तोही हसला, पण पाटी त्याने आत घेतली नाही. पायरीवर माझा एक पाय, रस्त्यावर एक. मागून कुणीतरी म्हणालं, अहो बाई, आम्हाला उशीर होतोय. आणि सून, तिला काय करावं ते कळेना, ती उतरायला लागली. मी तिला आत ढकललं. गाडी गेली. पाटीतल्या जुड्या उलगडून रस्त्याभर झाल्या होत्या. मी त्या बसून गोळा केल्या, धूळ झटकून बांधल्या, आणि तशीच परत आले. आयुष्यात मला कुणी पायरीवरून उतरवलं नव्हतं. त्या दिवशी मी ठरवलं, आता जावयाकडे जायचं.

हे ठरवणं सोपं नव्हतं. लेकीचं सासर म्हणजे आईच्या जिभेला बांधलेला धोंडा. आपण इथे एक शब्द बोलायचा आणि त्याचं उत्तर तिकडे लेकीने ऐकायचं. मी लेकीच्या घरी गेलेच नाही, सरळ ऑफिसात गेले. काम ऑफिसातलं, बोलणं ऑफिसातलं.

शिपायाने विचारलं, कोण तुम्ही? मी म्हटलं, साहेबांना भेटायचं आहे. मुद्दामच नातं सांगितलं नाही. ते बघतील, उठतील, या आई म्हणतील, आणि मग ह्या शिपायाचं तोंड मला बघायचं होतं. त्याने मला बाकावर बसवलं. बाकाचा एक पाय आखूड. मी हलले की तो टक् करून वाजायचा, म्हणून मी दम धरून बसले. दार उघडंच होतं. आत भिंतभर नकाशा, त्यावर रंगीत दोरे टाचलेले, आणि जावई चार माणसांना काहीतरी दाखवत होते. हसतही होते. मला वाटलं, हा माणूस हसतो? हे लेकीने कधी सांगितलं नाही.

मग त्यांनी मला पाहिलं. मी उठून उभी राहिले, पदर सारखा केला. ते दारापर्यंत आले. त्यांची नजर माझ्या चपलांवर गेली, धूळ होती, मग मागच्या माणसांकडे गेली. आणि म्हणाले, "बाई, तक्रार असेल तर लिहून त्या खिडकीत द्या."

बाई.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही. मी बाहेर आले. खिडकीत कुणी नव्हतं, आणि असतं तरी मी काय लिहून देणार होते, माझ्या जावयाने मला ओळखलं नाही असं? नळावर पाणी प्यायले. आरडाओरडा करायला मला किती वेळ लागतो ते गावाला विचारा. पण लेकीचा चेहरा पुढे आला आणि मी सगळं गिळलं. ते अजून पचलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे चालताना मी सुनेला हे सांगितलं. ती म्हणाली, तुम्हाला एक सांगायचं राहिलं आहे. त्या दिवशी रिकाम्या गाडीत जावयांनी मागे वळून तिला विचारलं होतं, रोज अशीच असते का? आणि तिने सांगितलं होतं, नाही, रोज पाय ठेवायला जागा नसते, आज तुमच्यासाठी आईंनी मोकळी करवली. शिट्टीनेही मान हलवली होती. जावयांनी ऐकून घेतलं, खिडकीबाहेर बघितलं, आणि हातातला पाहणीचा कागद घडी करून खिशात ठेवला.

मी रस्त्यातच उभी राहिले. म्हटलं, म्हणजे त्यांना माहीत होतं? सून म्हणाली, माहीत होतं. मी म्हटलं, तू मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, काय करणार होतात सांगून, गावाने उशीचं हसू केलं त्यात आणखी एक. त्या बोलण्यात टोमणा होता की नाही ते अंधारात दिसलं नाही. तेवढ्यात मोठ्या रस्त्यावर गाडीचा आवाज आला आणि आम्ही दोघी पळालो. मी ह्या वयात पळाले. ती गाडी सुनेला मिळाली.

पण रोज कशी मिळणार? मुकादमबाईने शेवटचं बजावलं. आणि त्याच आठवड्यात एकदा जेवायला बसलो असताना सून शांतपणे म्हणाली की धुलाईखान्यातल्या एका बाईची खोली दवाखान्याच्या मागच्या गल्लीत आहे, एक खाट रिकामी आहे, आणि ती सोमवारपासून तिथे राहणार आहे. सुट्टीच्या दिवशी घरी येईन.

मी घास खाली ठेवला. म्हटलं, नवरा घरात, पोर घरात आणि तू परक्या गल्लीत? लोक काय म्हणतील ते सोड, मी काय म्हणेन ते ऐक. आणि मी म्हटलं, बरंच म्हटलं. ती ऐकत होती. भाकरीचा तुकडा तसाच दोन तळहातांत. मग म्हणाली, "आई, रोज वाटेतच माझं अर्धं अंग संपतं. उरलेलं अर्धं मी कामावर नेते, आणि तिथून घरी काय येतं ते तुम्ही बघताच."

मी मुलाकडे पाहिलं, हा काहीतरी बोलेल म्हणून. तो आपल्या वाकड्या मनगटाकडे बघत म्हणाला, जाऊ दे तिला.

सोमवारी वळकटी मी डोक्यावर घेतली. सून म्हणाली, द्या माझ्याकडे. मी म्हटलं, तुझ्या हातांना साल येऊ दे आधी. त्या दिवशी आम्ही लवकर निघालो होतो, धुकंही कमी, कधी नव्हे ते वेळेआधी पोचलो आणि फाट्यावर बसून राहिलो. दोघींनाही बसवत नव्हतं. ती उठायची, रस्त्याकडे बघायची, पुन्हा बसायची. मी वळकटीची दोरी सोडून पुन्हा बांधायची. नातीला रात्री दूध गरम करूनच देत जा, ती म्हणाली. मी म्हटलं, मी दोन पोरं दगड चावायला घालून वाढवली का? ती हसली. गाडी आली आणि तिला घेऊन गेली.

त्यानंतर घराला बूडच राहिलं नाही. नात पहाटे उठून दारात जाऊन बसायची. मुलगा एकाच भिंतीचं प्लास्टर डाव्या हाताने लावायचा, खरवडायचा, पुन्हा लावायचा. मी झाडलेलं झाडायची. आणि सवय अशी वाईट, पहाटे जाग यायची ती यायचीच, पाय अंथरुणात चालायचे. गावातूनही माणसं हलायला लागली होती. दूधवाल्याने मोटरसायकल घेतली. कॉलेजच्या दोन पोरी शहरात मावशीकडे गेल्या. गुरुजींनी फाट्याच्या गावात घर बघितलं. छोटी गाडी उजाडल्यावर यायची, रिकामी उभी राहायची, रिकामी जायची. आता तर ती खरोखरच रिकामी होती.

थंडी उतरणीला लागली तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी लेक आणि जावई आले. सून घरीच होती, नातीचे केस विंचरत बसली होती. जावयांनी पायांवर पाणी घेतलं, गादीवर टेकले, आणि चमत्कार असा की बोलायला लागले. थांबेनातच. म्हणाले, चांगली बातमी आहे म्हणून स्वतः सांगायला आलो. छोट्या गाडीचा मुक्काम आता गावात. पहाटे ती पहिल्या जलद गाडीला गाठून देणार, आणि ती जलद गाडी छोटी आल्याशिवाय फाट्यावरून हलणार नाही. भाजीच्या पाट्यांसाठी मागची दोन बाकं काढलीत. टोकाच्या आणखी गावांच्या तक्रारी आल्या होत्या, त्यात आपलंही गाव बसवलं. सोपं नव्हतं, वरच्या साहेबांकडे तीन खेटे घातले. हे सांगताना त्यांचे कान लाल झाले होते आणि ते माझ्याकडे नाही, लेकीकडे बघत होते. लेक माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत 'आई, आता काही बोलू नकोस' एवढं मोठं लिहिलं होतं की अडाण्यालाही वाचता यावं.

जावई सुनेला म्हणाले, आता तुम्हाला खोलीची गरज नाही, उद्यापासून इथूनच जा-ये करा.

सुनेने नातीची वेणी घालायची थांबवली नाही. म्हणाली, गाडी आली ते बरं झालं, पण ती आत्ताच खोली सोडणार नाही. कायमच्या नावांत नाव लागेपर्यंत तरी नाही. गाडी एकदा गेली तशी पुन्हा गेली तर तिला परत पळायचं नाही. तिकडे तिला निदान उजाडेपर्यंत झोप मिळते. अगदी साध्या आवाजात बोलली. नातीने मान वर करून विचारलं, म्हणजे तू उद्या पण जाणार? आणि सून म्हणाली, मान सरळ ठेव, भांग वाकडा जातो.

जावई म्हणाले, पण माणसं बसली नाहीत तर गाडी टिकायची नाही, सहा महिन्यांची मुदत आहे, पुन्हा मोजणी होईल. आणि मग ओशाळं हसून म्हणाले, ऑफिसात तर आधीच म्हणतायत, शेवटी सासूबाईंची गाडी सोडलीच. पुढे म्हणाले, त्या दिवशी गाडीत मी जे डोळ्यांनी दिसलं तेच लिहिलं, घरचं गाव म्हणून एक माणूस जास्त लिहिला असता तर उद्या मला कुणी खरं मानलं नसतं. तुम्ही ऑफिसात आलात तेव्हाही तेच. चार माणसं होती. तुम्ही समजून घ्याल असं वाटलं.

लेकीने ताटं घ्यायला म्हणून उठायचं निमित्त केलं. मी तिला बस म्हटलं. माझ्या पोटात इतके दिवस जे होतं ते वर आलं, पण आवाज काही चढला नाही. मलाच नवल वाटलं. मी जावयांच्या समोर जाऊन बसले, गुडघ्यावर हात ठेवून.

"जावईबापू," मी म्हटलं, "गाडी मी मोकळी केली, आणि उद्या पाहुणा आला तर पुन्हा करीन, पाहुण्याला उभं नेणं माझ्याने व्हायचं नाही. पण तुम्हाला माझ्या सुनेने खरं सांगितलं होतं. ते तुम्हाला पटलंही होतं. फक्त लोक काय म्हणतील म्हणून तुम्ही ते खिशात घालून ठेवलंत, आणि त्याच भीतीने मला दारात बाई म्हणालात. तुम्ही वाईट नाही, लबाडही नाही. तुम्ही भित्रे आहात, आणि भीतीला इमानदारी म्हणून मिरवता. आता बघा, तुमचे लोक म्हणायचं ते म्हणालेच. नाव खराब व्हायचंच होतं, तर ते पहिल्या दिवशी होऊ द्यायचं होतं. माझी सून रोज माझ्या घरात निजली असती."